संस्थांचे बारसे : कऱ्हा-निरेच्या मुलखातून

सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांतून हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर ओढले आणि त्यांची होळी केली. दख्खनचे दंगे म्हणून जो उठाव इतिहासात नोंदला गेला, त्याची ही सुरुवात. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना सावकारीपासून संरक्षण देणारा कायदा केला. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी या घटनेवर पुष्कळ लिहिले आहे. मला ती या प्रस्तावनेत हवी आहे ती तिथल्या कागदांसाठी. जाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते कागद वाचता येत नव्हते. आपल्या नावावर काय लिहिले आहे हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. अंगठा आपला आणि मजकूर परक्याचा, अशी ती अवस्था होती.

सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. याच मुलखातील शेतकऱ्यांनी पुढच्या शंभर वर्षांत खरेदी-विक्री संघ नोंदवले, साखर कारखान्यांचे भाग घेतले, शिक्षण मंडळांच्या घटनांवर सह्या केल्या. जो कागद त्यांना गिळत होता, तोच त्यांनी हाताळायला घेतला. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील सार्वजनिक संस्थांकडे मी या बदलाचा पुरावा म्हणून पाहतो. त्या संस्था कशा उभ्या राहिल्या आणि त्यांना नावे कशी मिळाली, हा पुढील पानांचा विषय आहे. हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळे विचारले जातात. स्थापनेची गोष्ट स्मरणिकेत येते आणि नावाची गोष्ट भाषणात. दोन्ही एकत्र वाचल्या तरच त्या संस्थेच्या मागे कोणाचे पाणी, कोणाची जमीन आणि कोणाचा पैसा आहे हे कळते, असे माझे ठाम मत आहे, आणि या प्रस्तावनेत मला तेवढेच मांडायचे आहे.

या सगळ्या मुलखाला मी कऱ्हाटी म्हणतो; कऱ्हाटी म्हणजे खरे तर कऱ्हेकाठचा प्रदेश. मोरगावच्या मयूरेश्वरापासून वाहत येणारी कऱ्हा बारामतीला वळसा घालून सोनगावजवळ निरेला मिळते आणि निरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला, भीमेत जाते. पाण्याच्या या वाटेने जो मुलूख बांधला गेला आहे, तो सगळा मी येथे एकत्र धरला आहे. प्रशासनाच्या नकाशात तो दोन तालुक्यांत विभागलेला दिसतो. लोक मात्र त्याचे वेगळेच दोन भाग करतात : जिरायत आणि बागायत. संस्थांचा इतिहास समजून घ्यायला तालुक्यांपेक्षा ही विभागणी जास्त उपयोगी पडते.

निरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला. त्याआधी १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ या भागाने भोगला होता. कालव्याच्या पाण्याखाली जो पट्टा आला तिथे ऊस आला, उसामागे गुऱ्हाळे, गुऱ्हाळांमागे गुळाचा व्यापार, आणि बारामती ही पेठ झाली. कालव्याच्या वरच्या अंगाला, सुपे-मोरगावच्या बाजूला, आभाळाकडे पाहून पेरायची शेती तशीच राहिली. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, वालचंदनगर ही नावे मोठी झाली ती कालव्याच्या लाभाच्या पट्ट्यात. शाळा-महाविद्यालयेही आधी तिथेच, किंवा त्या पट्ट्याच्या पैशावर वाढलेल्या बारामती शहरात. ज्या सुप्याच्या बाजारात कागद जळले, तिथे वरिष्ठ महाविद्यालय पोहोचायला फार वेळ लागला. संस्था माणसे काढतात हे खरे, पण कोणत्या गावात काढता येते हे बरेचसे पाण्यावर ठरते.

कालव्याच्याही आधी या गावात विद्येला आश्रय होता, हे सांगायला हवे. मोरोपंत पराडकर १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मले, पण त्यांचे आयुष्य बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने गेले आणि १७९४ मध्ये तिथेच संपले. पुराण सांगणारा पंडित आणि त्याला पोसणारा सरदार असे ते नाते. त्यात संस्था नव्हती. वाडा होता, आणि वाड्याचा धनी बदलला की आश्रयही बदलत असे. धन्यावाचून टिकणारी विद्येची व्यवस्था ही एकोणिसाव्या शतकातली नवी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी कायदा लागला.

तो कायदा १८६० चा. सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट या नावाने तो आजही चालतो. सात किंवा अधिक माणसांनी एकत्र यायचे, संस्थेचे नाव, उद्देश आणि कार्यकारी मंडळ कागदावर लिहायचे, सह्या करायच्या आणि नोंदणी करायची, एवढे त्याचे मूळ रूप आहे. योगायोग असा की त्याच १८६० मध्ये पुण्यात वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांच्या पुढाकाराने पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन सुरू झाली. तिची पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. या तिघांतल्या एकाच्या आडनावात इंदापूर आहे. सोसायटीची एक जुनी शाळा बारामतीत आहे. आज तिचे पूर्ण नाव कै. गजाननराव भिवराव देशपांडे विद्यालय असे आहे, आणि जुने विद्यार्थी तिला अजूनही एम.ई.एस. हायस्कूलच म्हणतात. एकाच इमारतीला दोन नावे चिकटली आहेत, एक चालवणाऱ्या सोसायटीचे आणि एक स्मरणाचे. कऱ्हाटीत हे वारंवार दिसते, म्हणून वाचकाने पहिल्यापासून लक्षात ठेवावे : संस्था एक असते, शाळा दुसरी असते, आणि नाव बहुधा शाळेला मिळते. चालवणारी संस्था पाटीवर वरच्या ओळीत लहान अक्षरांत राहते.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने या कागदांत भर घातली. आता संस्थेला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंद करावी लागते. तिथे परिशिष्ट एक तयार होते. त्यात संस्थेचे नाव, विश्वस्तांची नावे, स्थावर-जंगम मालमत्ता, उत्पन्नाची साधने असे सगळे येते. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थांना ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. विश्वस्त वारला, बदलला किंवा जमीन मिळाली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हे कागद रुक्ष आहेत, पण स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला त्यांच्याइतके मौल्यवान काही नाही. स्मरणिकेत संस्थापक म्हणून एकच छायाचित्र असते. नोंदणीच्या कागदांत मात्र सात किंवा अकरा माणसे असतात, त्यांचे वय आणि व्यवसाय लिहिलेले असतात. शेती, व्यापार, वकिली, वैद्यकी. कोणत्या गावचे, कोणत्या पेठेचे तेही असते. संस्था काढण्यासाठी गावातले कोणते घटक एकत्र आले होते, हे तिथे एका पानावर दिसते. त्यात कोण नव्हते, हेही दिसते.

बारामतीतील पहिले महाविद्यालय १९६२ च्या जूनमध्ये सुरू झाले. आदल्या वर्षी, १९६१ मध्ये, अनेकान्त एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती. त्याआधी मॅट्रिकनंतर शिकायचे तर पुणे किंवा सोलापूर गाठावे लागे, किंवा निरा ओलांडून फलटणला जावे लागे, जिथे १९५७ मध्ये मुधोजी महाविद्यालय उघडले होते. फलटणच्या महाविद्यालयाचे नाव संस्थानाच्या राजघराण्यातून आले. बारामतीला राजघराणे नव्हते, पेठ होती. पेठेतील गुजराती जैन कुटुंबांनी पुढाकार घेतला आणि महाविद्यालयाला तुळजाराम चतुरचंद यांचे नाव मिळाले. सोसायटीला मात्र त्यांनी कोणाही व्यक्तीचे, तीर्थंकराचे किंवा देवतेचे नाव दिले नाही. जैन दर्शनातला एक सिद्धान्त नावात घेतला, सत्याला अनेक बाजू असतात असे मानणारा. कुलनाम महाविद्यालयाला आणि विचार सोसायटीला, अशी ही वाटणी मला फार सुंदर वाटते.

आणि इथे मला पुन्हा १८७५ ची आठवण होते. त्या वर्षी ज्यांच्या वह्या जळल्या त्यांत गुजर आणि मारवाडी सावकारांचा भरणा होता, आणि जाळणारे कुणबी होते. शंभर वर्षेही उलटली नव्हती, तोवर त्याच तालुक्यात व्यापारी समाजाने उभारलेल्या महाविद्यालयात शेतकऱ्यांची मुले पदवी घेऊ लागली. यात कोणी कोणाचे ऋण फेडले असे मी म्हणणार नाही. माणसे बदलली होती, काळ बदलला होता, आणि वंशावळी जोडत बसण्यात अर्थ नाही. पण दुकानदार आणि कुणबी यांच्यात पूर्वी फक्त रोख्याचा कागद होता. आता हजेरीपट, गुणपत्रक आणि पदवी असे आणखी कागद त्यांच्यामध्ये आले. सामाजिक इतिहासात हा बदल लहान नाही. त्या महाविद्यालयाला आज सगळा तालुका ‘टी.सी. कॉलेज’ म्हणतो. आद्याक्षरांत दात्याचे नाव झाकले जाते, हे मला खटकते. निदान तिथे शिकणाऱ्या मुलाने पहिल्या वर्षी एकदा तरी पूर्ण नाव विचारावे आणि प्राध्यापकांनी ते सांगावे.

पेठेपेक्षा वेगळी आणि माझ्या मते अधिक मोठी गोष्ट घडली ती कारखान्यांच्या परिसरात. १९५० आणि ६० च्या दशकांत माळेगाव, भवानीनगर आणि सोमेश्वर येथे सहकारी साखर कारखाने आले. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेली वाट डोळ्यांपुढे होती. कारखाना हा एका गावाचा नसतो. दहा, वीस, पन्नास गावांचे सभासद असतात. यंत्रे ज्या माळावर उभी राहतात तो माळ कोणत्या तरी एका गावाच्या शिवारात असतो. म्हणून त्या माळाला नवे नाव दिले जाते, शेवटी ‘नगर’ लावून. करंज्याच्या प्रसिद्ध सोमेश्वरावरून सोमेश्वरनगर. सणसरच्या शिवारात श्री छत्रपती कारखाना, आणि त्याच्या वसाहतीचे भवानीनगर. माळेगाव बुद्रुकला शिवनगर. इंदापूर तालुक्यात बिजवडीला महात्मा फुलेनगर आणि रेड्याला शहाजीनगर. पाहता पाहता टपालाचे पत्ते बदलले, एस.टी.च्या पाट्यांवर ही नावे आली. नवरीचे माहेर सांगताना जुने गाव मागे पडून ‘सोमेश्वरनगरची’ असे म्हटले जाऊ लागले.

या नावांकडे नीट पाहिले तर एक शहाणपण दिसते. सोमेश्वर हा आसपासच्या सगळ्या गावांचा देव. श्रावणी सोमवारी तिथे जात, भावकी, वाडी न विचारता माणूस जातो. शिवाजी महाराज आणि भवानी यांच्या नावावर कोणाचा आक्षेप येण्याचा प्रश्नच नाही. इंदापूर तर त्यांच्या आजोबांच्या, मालोजीराजांच्या, अखेरच्या लढाईचे ठाणे, तिथे त्यांची गढी आहे. पन्नास गावांच्या सभासदांना एका नावाखाली आणायचे तर कोणा एका गावाचे, एका घराण्याचे नाव चालत नाही. पहिल्या पिढीने हे ओळखले होते. घराण्यांची आणि नेत्यांची नावे आली ती नंतर, संस्था स्थिरावल्यावर. सोमेश्वरनगरच्या महाविद्यालयाला कारखान्याच्या उभारणीतील अग्रणी मुगुटराव साहेबराव काकडे यांचे नाव आहे. इंदापूर सहकारी साखर कारखाना पुढे कर्मयोगी शंकररावजी पाटील कारखाना झाला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो : आधी देव आणि छत्रपती, मग संस्थापक. नाव नेहमी संस्थेच्या जन्माचा काळ सांगत नाही, ते ज्या काळात दिले गेले त्या काळाची समज सांगते.

महाराष्ट्रभर याचे दाखले आहेत. पुण्यात १९१६ मध्ये निघालेल्या न्यू पूना कॉलेजला जमखंडीच्या अधिपतींच्या देणगीमुळे सर परशुरामभाऊ हे नाव आले. सांगलीत १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी काढलेले न्यू इंजिनीअरिंग कॉलेज काही वर्षांनी वालचंद कॉलेज झाले. पुण्याचे एम.ई.एस. कॉलेज आबासाहेब गरवारे यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मांजरीची डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट वसंतदादा पाटलांच्या निधनानंतर त्यांच्या नावाची झाली. बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे कमलनयन बजाज यांचे नाव मिळाले. प्रत्येक ठिकाणी स्थापना करणारे हात एक आणि नाव दुसऱ्याचे. यात गैर काही आहे असे मला वाटत नाही. इमारती, प्रयोगशाळा, वसतिगृहे पैशावाचून उभी राहत नाहीत, आणि देणाऱ्याचे नाव लावणे ही कृतज्ञताच आहे. पण ज्यांनी पहिल्या वर्षी भाड्याच्या खोलीत वर्ग भरवले त्यांची नावे कोठे तरी कोरलेली हवीत, आणि बहुतेक ठिकाणी ती नाहीत.

देणगीदार म्हटला की एक माणूस डोळ्यांसमोर येतो. कारखान्यांच्या परिसरातल्या शिक्षणसंस्थांचा देणगीदार मात्र अनेक हजार माणसांचा आहे. उसाच्या बिलातून टनामागे ठरावीक रक्कम शिक्षणासाठी कापायची, तसा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यायचा, ही पद्धत पश्चिम महाराष्ट्रात रूढ झाली. दोन एकर ऊस असलेल्या सभासदाच्या बिलातूनही ती रक्कम गेली. त्याला त्याची वेगळी पावती मिळाली नाही, बिलाच्या कागदावर एक ओळ तेवढी आली. अशा हजारो ओळींतून वर्गखोल्या बांधल्या गेल्या. ऊसतोडीला मराठवाड्यातून येणाऱ्या मजुरांच्या कोयत्याखालूनच तो ऊस गेला, आणि त्यांची मुले त्या वर्गखोल्यांत फार थोडी बसली. संस्थेच्या जन्मकथेत ही कपात आणि हे वगळणे दोन्ही लिहिले गेले पाहिजे.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर या सगळ्यांहून वेगळे आहे. सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी सिंदिया कंपनीची जहाजे, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी अशी कामे उभी केली. त्यांनीच कळंबच्या खडकाळ रानात निरेच्या पाण्यावर ऊस आणि साखर कारखाना आणला. तिथे वसाहत झाली, दवाखाना झाला, शाळा झाली. शाळेचे नाव वर्धमान विद्यालय, म्हणजे महावीरांचे. गावाला मालकाचे नाव आणि शाळेला तीर्थंकराचे. उद्योगपतीच्या दूरदृष्टीविषयी मला मनापासून आदर आहे. तरी त्या नावाखालच्या जमिनीची गोष्टही सांगितली पाहिजे. अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी कंपनीला खंडाने दिल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर अशा मळ्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या, १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झाले आणि या जमिनी त्याच्याकडे गेल्या. मूळ मालकांच्या कुटुंबांना खंडकरी शेतकरी म्हणून त्या परत मिळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढावे लागले. सातबाऱ्यावरचे नाव आणि वेशीवरच्या कमानीवरचे नाव यांत एवढे अंतर पडू शकते.

१९७१ ते १९७३ ही महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाची वर्षे, आणि बारामतीच्या आजच्या दोन सर्वांत मोठ्या संस्था नेमक्या त्या वर्षांतल्या आहेत. कृषी विकास प्रतिष्ठान १९७१ चे, विद्या प्रतिष्ठान १९७२ च्या ऑक्टोबरचे. पहिल्यामागे अप्पासाहेब पवारांची शेतीतली तळमळ होती. जिरायत भागात पाझर तलावांची कामे काढायची आणि कामाच्या मोबदल्यात धान्य द्यायचे, अशा खटपटीतून ते काम वाढले. चर्चच्या मदतसंस्थेने त्यासाठी धान्य पुरवले. ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ ख्राइस्टचे मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बारामतीत काम करत होते, हेही या संदर्भात विसरू नये. दुष्काळात तलाव खोदण्यापासून सुरू झालेल्या या प्रवासात पुढे महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्र, प्रक्षेत्रे अशी भर पडत गेली. त्या परिसराचे नाव शारदानगर.

परगावचा माणूस शारदानगर ऐकून सरस्वतीचे नाव समजतो. ते शारदाबाई गोविंदराव पवार यांचे आहे. १९३० च्या दशकात पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेलेली ही बाई. अकरा मुलांचा संसार, शेती आणि लोकल बोर्डाची बैठक तिने एकाच वेळी सांभाळली. मुलगा अवघ्या काही दिवसांचा असताना त्याला घेऊन ती पुण्याच्या बैठकीला गेली होती. तो मुलगा म्हणजे शरद पवार. आईचे नाव संस्थेला देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला लागले. शारदाबाईंच्या बाबतीत मात्र मला आग्रहाने सांगावेसे वाटते की त्यांना कोणाची आई म्हणून ओळखण्याआधी लोकप्रतिनिधी म्हणून ओळखावे. ज्या काळात बहुसंख्य बायकांना मतदारयादीतही जागा नव्हती, त्या काळात त्या रस्ते, दवाखाने आणि शाळांच्या ठरावांवर हात वर करत होत्या. त्यांच्या नावाच्या महिला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींना हे ठाऊक असायला हवे.

स्त्रियांची नावे आपल्या पाट्यांवर मोजकीच आहेत, आणि जी आहेत ती बरीचशी अलीकडची. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले आणि २०१४ मध्ये ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. ज्या शहरात १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली त्या शहराच्या विद्यापीठाला तिथल्या शिक्षिकेचे नाव लागायला एवढा काळ गेला. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. होळकर हे नाव मुळात निरेकाठच्या होळ गावावरून आलेले. नदीकाठचे गाव माळव्यात जाऊन राजघराण्याचे नाव झाले आणि अडीच-तीनशे वर्षांनी त्या घराण्यातील सर्वांत कर्तबगार स्त्रीच्या नावाने त्याच मुलखातल्या रुग्णालयाच्या पाटीवर परतले. या भागात मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगर समाजाला त्या पाटीचे काय मोल आहे, हे बारामती-इंदापूरच्या रस्त्याने वाडे हलवताना त्यांना पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

नावासाठी माणसांनी काय सोसले, याची सर्वांत मोठी कहाणी मराठवाड्यातली आहे, आणि तिचा एक धागा बारामतीला जोडलेला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. मुख्यमंत्री होते बारामतीचे शरद पवार, पदावर येऊन नऊ दिवसच झाले होते. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. सोळा वर्षे आंदोलन चालले. १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव लागले, तेव्हाही मुख्यमंत्री तेच होते. ज्यांनी प्राण दिले त्यांतील बहुतेकांनी त्या विद्यापीठाचे प्रवेशद्वार ओलांडले नव्हते. तरीही त्यांना ते नाव हवे होते, कारण पाटीवर कोणाचे नाव आहे यावरून आत जायचा हक्क कोणाचा आहे हे गावाला कळते. ‘नावात काय आहे’ असे सहज म्हणणाऱ्याने मराठवाड्यातल्या त्या वस्त्यांमध्ये एकदा जाऊन यावे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला संस्था काढली तेव्हा तिला ‘रयत’ असे नाव दिले. व्यक्तीचे नाही, देवाचे नाही, गावाचेही नाही. शाळा-महाविद्यालयांना त्यांनी शिवाजी, शाहू, सयाजीराव, गाडगे महाराज अशी नावे दिली. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाला मोठ्या देणगीच्या बदल्यात दुसरे नाव देण्याची सूचना त्यांनी फेटाळून लावली, ही आठवण रयतच्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. बारामती-इंदापूरच्या कितीतरी शिक्षकांची घडण रयतच्या शाळांत झाली आहे. त्यांच्या बोलण्यात ‘माझी शाळा’ याऐवजी ‘आमची शाखा’ येते. संस्थेला आणि शाखेला वेगवेगळी नावे देण्यामागचा विचार मला त्या एका शब्दप्रयोगात ऐकू येतो.

आता या विषयाच्या साधनांविषयी. संस्थांच्या रौप्य आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका उपयोगी असतात, पण त्यांत छायाचित्रे आणि शुभेच्छांचे संदेश फार, आणि पहिल्या पाच वर्षांचा हिशेब फार थोडा. कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव मोठ्या अक्षरांत असते, खाली संस्थेचे पदाधिकारी, आणि जमीन देणाऱ्याचे नाव बहुधा नसतेच. ते शोधायचे तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातले बक्षीसपत्र पाहावे लागते. गावोगावच्या शाळांसाठी दोन-चार एकर रान देणारे शेतकरी या मुलखात पुष्कळ झाले. त्यांच्या नातवंडांना तो व्यवहार तोंडी ठाऊक असतो, पण शाळेच्या दर्शनी भागात कोठेही लिहिलेला नसतो. इतिवृत्ताच्या जुन्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तके, पहिल्या वर्षाचा हजेरीपट हे सगळे बऱ्याचदा निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी किंवा संस्थेच्या कुलूपबंद कपाटात, वाळवीच्या तोंडाशी असते.

सुपे, मोरगाव, लोणी भापकर या जिरायत बाजूच्या शाळांची, इंदापूरच्या नारायणदास रामदास हायस्कूलसारख्या पेठेतल्या जुन्या शाळांची, आणि उजनीच्या पाण्याखाली गाव गेल्यावर नव्या गावठाणात पुन्हा भरलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळांची पाने अजून लिहायची आहेत. धरणाने हलवलेल्या गावाने नव्या जागी पहिली वीट देवळाची रचली की शाळेची, आणि शाळेला जुन्याच गावाचे नाव ठेवले का, हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्या वाचकाच्या घरात अशा शाळेची एखादी वही, पावती किंवा बक्षीसपत्राची नक्कल असेल, त्याने तिचे छायाचित्र घ्यावे, तारीख आणि सह्या स्पष्ट दिसतील असे, आणि गावातल्या शाळेत एक प्रत ठेवावी.